पानमळ्याबाहेरचे चार दिवस

मला एका जागी बसवत नाही. हे जुनंच दुखणं. माहेरी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं हिला धाडलंय. पण लेकीला अकरावं लागलं त्या वर्षी मी घरात जी काही नाचले, तिला तोड नाही. निमित्त काय, तर शेजारच्या काकू. दोरीवर कपडे वाळत घालता घालता त्यांनी लेकीला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "उंची लय झपाट्यानं वाढली गं पोरीची. वरीस-सा म्हैन्यात शानी हुईल बघ."

आमच्याकडं पहिली पाळी आली की मुलगी शहाणी झाली म्हणतात. मी पस्तिशीला आले तरी माझ्यात काही शहाणपण उगवलेलं नाही, ते सोडा. पण काकूंचं बोलणं कानात शिरलं ते निघेना. लेक जरा वाकून बसली की मी हातातलं टाकून धावायची. "काय होतंय? पोटात दुखतंय का? कंबर?" ती म्हणायची, "आई, मी बुटाची लेस बांधतीय." बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त लागली की मी दाराबाहेर उभी. शेवटी ती एकदा आतूनच ओरडली, "आई, तू जरा गप बसशील का गं?"

वास्तविक मला हे अवघड जायला नको होतं. मी मिरजेत औषधाच्या दुकानात काम करते. फार्मसीचा डिप्लोमा झालाय माझा. दिवसातून दहा वेळा पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून बायकांच्या हातात देते. नवख्या पोरी लाजत आल्या की त्यांना बाजूला घेऊन नीट समजावते, घाबरायचं नाही म्हणते, मोठी ताई असल्याच्या थाटात. आणि स्वतःच्या पोरीसमोर तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ बसायची. लोकाला सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

नवरा फौजेत. तेव्हा लांब वाळवंटाकडं पोस्टिंग होतं. व्हिडिओ कॉलवर त्याला म्हटलं, लेकीशी बोलायची वेळ झालीय. तर तो आधी कॅमेरा दुसरीकडं फिरवून बसला, आणि मग म्हणाला, "ते तू बघ की गं. माझं काय काम त्यात?" थोड्या वेळानं परत, "आणि हे बघ, आबांच्या कानावर काही घालू नको." जशी काय मी गावात स्पीकर लावून सांगणार होते!

आबा म्हणजे लेकीचे आजोबा, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. घर चालतं ते मामांच्या पानमळ्यावर. आता पानमळ्याचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझं माहेर कराडकडचं, उसाचं. उसात बाई कधीही जावी, ऊस तिला काही विचारत नाही. लग्न होऊन मिरजेच्या पूर्वेला आले तेव्हा मी पहिल्यांदा पानमळा बघितला. शेवरीची उंच सरळ झाडं, त्यांवर चढवलेल्या पानवेली, आत दाट सावली. बाहेर कडक ऊन असलं तरी आत गेलं की अंगावर गारवा येतो. आत जायचं ते चपला बाहेर काढून, पाय धुऊन. आणि पाळीतल्या बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, कारण तिच्या विटाळानं वेल करपते. आत्यांनी मला हे कधी सांगितलं ठाऊक आहे? स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठं आहे हे दाखवायच्याही आधी.

लेक चालायला लागली ती त्या मळ्यातच. शाळेतून आली की दप्तर ओसरीवर भिरकवायचं, पाय धुवायचे आणि आबांच्या मागे पळायचं. वेल वाढेल तशी तिला लव्हाळ्यानं शेवरीला बांधत जावं लागतं. घट्ट बांधली तर वेल कापते, सैल बांधली तर घसरते. पोरीची बोटं बारीक, हात हलका. मामा गडीमाणसांना सांगायचे, "हिच्यागत बांदा. हिनं बांदलेली वेल वाऱ्यात हलत न्हाई." खालच्या कोपऱ्यातली एक ओळ त्यांनी तिला देऊनच टाकली होती. त्या ओळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. मोठी होऊन कोण होणार विचारलं, तर वर्गातल्या बाकीच्या पोरी डॉक्टर म्हणायच्या आणि ही म्हणायची, "मी आबांचा मळा बघणार."

म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. रक्ताची भीती नव्हती हो मला. पाळी आली की दर महिन्याला चार दिवस ही कुंपणाबाहेर उभी राहणार, आणि ती बाहेर का, हे गड्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळणार. पोरगी मळ्यावरून मन काढून घेईल की स्वतःवरून, याचीच मला धास्ती होती.

आता माझं एक पाप सांगून टाकते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पानं खुडायचा दिवस होता, दोन बायका आल्याच नाहीत, माल न्यायला गाडी यायची होती, आणि मला नेमकी सकाळीच पाळी आली. आत्यांनी हाक मारली, "चल गं, पाय धू." सांगायचं म्हटलं तर सगळ्या गड्यांसमोर सांगायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गपचूप पाय धुतले आणि आत गेले. दिवसभर पानं खुडली. पुढे आठवडाभर वेलींकडं चोरासारखी बघत होते. काही झालं नाही. उलट पुढचा खुडा दांडगा निघाला. तेव्हापासून खऱ्या पाळीत मी एकदाही बाहेर बसले नाही.

पण बाहेर बसले जरूर! दुकानात दिवसभर उभं राहून यायचं आणि पहाटे परत पानं खुडायची, भाकरी बडवायच्या, देवाचं करायचं, यानं कंबर मोडून आली की मी आत्यांना म्हणायची, "आत्या, अडचण आलीय." झालं. चार दिवस मोकळी. मळ्यात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. ओसरीवर आयता चहा. घराला माहीत असलेली माझी पाळी वेगळी आणि खरी पाळी वेगळी, असं तेरा वर्षं चाललं होतं. आत्यांना एकदा शंका आली होती. "ह्या टायमाला लवकर आली गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, उष्णतेनं होतंय. औषधाच्या दुकानातली सून म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

तर लेकीशी बोलायचं शेवटी मी स्कुटीवर ठरवलं. स्कुटीवर एक बरं असतं, एकमेकींचं तोंड दिसत नाही. रविवारी तिला शिष्यवृत्तीच्या क्लासला सोडायला मिरजेला जायची. त्या दिवशी मी सायकलच्या वेगानं चालवत होते.

"आई, आज एवढी हळू का?"

"मला तुला एक सांगायचंय."

"पाळीचं ना? आमच्या वर्गात तिघींना आलीय."

मी ब्रेकच दाबला. मागचा दूधवाला धडकता धडकता वाचला आणि मला दोन शब्द ऐकवून गेला. पुढं रेल्वेचं फाटक लागलं, ते बंद. मालगाडी येत होती, आणि मालगाडीला काय घाई असते? तिथं मी सुरुवात केली ती थांबलेच नाही. गर्भाशय काय, रक्त कुठून येतं, किती दिवस, किती तासांनी पॅड बदलायचं, पहिलं वर्ष तारखेचा भरवसा नसतो, सगळं. तोच दूधवाला शेजारी उभा राहून कान टवकारून ऐकत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं गाडी ढकलत पार पुढं नेली. लेक मागे खो खो हसायला लागली आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. एवढं सोपं होतं तर सहा महिने मी कशाला झुरले!

मग ती म्हणाली, "आणि मळ्यात? आज्जी म्हणती वेल मरते. खरं आहे का?"

फाटक उघडत होतं. मागे हॉर्न सुरू झाले. खरं काय ते या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण पोरीच्या पोटात काही राहत नाही. 'नाही मरत' म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुला कसं माहीत. आणि संध्याकाळी ते आबांपर्यंत पोचलं असतं.

"चार दिवस नाही जायचं," मी म्हटलं.

"पण मरते का?"

"असतंय तसं. घरात पाळतात ना, मग पाळायचं. धर नीट, बसशील पडून."

तिनं मला धरलं. क्लास येईपर्यंत काही बोलली नाही. मला वाटलं, समजूतदार आहे पोर.

पुढचं सगळं मी अगदी नीट केलं. चेन लावलेली छोटी पिशवी शिवली, त्यात दोन पॅड, एक जादा निकर, गुंडाळायला कागद, वर एक चॉकलेट. पिशवी दप्तराच्या आतल्या कप्प्यात. कसं उघडायचं, कसं चिकटवायचं, वापरलेलं कसं टाकायचं, सगळी परेड घेतली. फौजीचीच पोर, एकदा दाखवलं तर दुसऱ्यांदा तिनं मलाच करून दाखवलं. मी दुकानात मालकीणबाईंना फुशारकीनं सांगितलं की माझी लेक एकदम तयार आहे.

आणि ती खरंच एवढी तयार होती की पाळी आली तेव्हा घरात कुणाला पत्ताच लागला नाही. मलासुद्धा.

श्रावण होता. त्या साली पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एका संध्याकाळी आत्यांनी भाजी वाढता वाढता सांगितलं की खालच्या कोपऱ्यातल्या वेलींनी माना टाकल्यात. मामा म्हणाले, "मर लागलीया." मर म्हणजे वेल उभ्या उभ्या वाळून जायचा रोग. आज चार वेली, उद्या दहा, आणि वेळीच आवरली नाही तर वाफेच्या वाफे जातात. कोपरा लेकीच्या ओळीचा होता.

"कुणाचा तरी विटाळ झालाय," आत्या म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. "आजकाल कोण काय पाळतंय?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माझ्याकडं कशाला बघता? मी तर गेल्या आठवड्यात चार दिवस ओसरीवर होते." आणि आमची चांगलीच जुंपली. लेक ताटावरून कधी उठून गेली ते मी बघितलं नाही. अर्धी भाकरी तशीच होती. मी नेहमीसारखी स्वतःच्याच तोऱ्यात होते.

पुढचे पाच-सहा दिवस ती मळ्यात गेली नाही. अभ्यास आहे म्हणाली. जेवणावर वासना नाही. मी ताप बघितला, जिभेचा रंग बघितला, पचनाचं औषध पाजलं, दुकानातली अर्धी फळी घरी आणली. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही." माझी घरात येरझार चाललेली, कपाट उघड, बंद कर, आणि अशीच एकदा पॅडचं पाकीट हाताला लागलं. त्यातले पाच-सहा कमी होते. मी तर त्याला हात लावला नव्हता.

आधी मला आनंदच झाला. मग असा राग आला की विचारू नका. मला सांगितलं नाही? मला? मी तरातरा तिला शोधत निघाले. शनिवार होता, सकाळची शाळा सुटलेली. घरात नव्हती. मागे मळ्याकडं गेले.

ती कुंपणाच्या बाहेर उभी होती. अनवाणी. आत तिची ओळ दिसत होती, पानं पिवळी पडून शेवरीला लोंबत होती. तिनं कुंपणापाशी एका दगडावर हळदकुंकू वाहिलं होतं, हात जोडले होते आणि वेलीला म्हणत होती, "मी परत कधी येणार नाही. बाकीच्या तेवढ्या मरू नका."

राग कुठल्या कुठं गेला. मी तिला धरलं तर ती लाकडासारखी ताठ.

"मी मारली आई," ती म्हणाली. "पाळी आली त्या दिवशी आबांनी बांधणीला हाक मारली. सगळे गडी होते. नाही कसं म्हणू? म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मी पाय धुतले आणि गेले. आणि आता सगळा मळा जाणार."

तेरा वर्षांपूर्वी मी जे केलं होतं तेच हिनं केलं होतं, अगदी तसंच. फरक एवढाच की माझ्या वेळी वेल जगली आणि हिच्या वेळी मेली.

"मी आत्ता आबांना सांगणार आहे," ती म्हणाली. "मारू देत मला."

मामा काही मारणारे नव्हेत. पण हिनं जाऊन 'मी मारली' म्हटलं असतं आणि आत्यांनी कपाळाला हात लावला असता, की झालं, ते खरंच ठरलं असतं. जन्मभर घरात तेच ऐकू आलं असतं, हिच्या पहिल्या विटाळात मळा बसला. मी तिथंच चिखलात फतकल मारली आणि तिला सगळं सांगितलं. पहिला खुडा, ओसरीवरचा चहा, खोटी अडचण, खरी अडचण, काही म्हणजे काही ठेवलं नाही.

मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला फाटकापाशी का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं. दोनदा."

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटत होती. तरी सांगितलं. "माझी सुट्टी गेली असती, बाळा."

तिनं माझा हात झिडकारला. उठली आणि चालायला लागली, मामा होते तिकडं. मी पदर खोचला आणि पळत तिच्या पुढं झाले.

मामा वरच्या बांधावर मेलेल्या वेलींचा ढीग करत होते. आत्या चहा घेऊन आल्या होत्या.

"मामा, मला बोलायचंय. मी पाळीत मळ्यात जाते."

"कवा? आज?"

"लग्न झाल्यापासनं. दर महिन्याला."

आत्यांच्या हातातली बशी कलंडली. "आगं काय बरळतीस? तू तर चार दिस वसरीवर असतीस!"

"तेव्हा मला काही नसतंय, आत्या. तेव्हा मी नुसती दमलेली असते."

मामांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ओरडले असते तर बरं झालं असतं. "म्हंजे तेरा वर्सं फसवलंस आमास्नी," म्हणाले.

"फसवलं."

"सुट्टी पायजे हुती तर मागायची. मी काय न्हाई म्हटलो असतो व्हय?"

"व्हय मामा, म्हटला असता," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. आत्यांनी मान खाली घातली, मला खोडून काढलं नाही.

"आन् आजच का सांगायलीस?"

मी काही बोलायच्या आत लेक पुढं झाली. "कारण मीपण गेले होते, आबा. त्या दिवशी, बांधणीला. मला तेव्हा आली होती."

"हे बघ," मी म्हटलं, "पाळीनं वेल मरत नाही, मी तुला सांगतेय ना."

"तू फाटकापाशीपण सांगितलं होतंस," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "आबा, तुम्ही सांगा. मी मारली का?"

मी मामांकडं बघितलं. साठ वर्षं त्या मळ्यात काढलेला माणूस. त्यांच्या आईनं पाळलं, बायकोनं पाळलं. आता ते काय म्हणतील, याचीच मला भीती. ते गुडघ्यावर हात देऊन उठले, त्यांनी खुरपं घेतलं आणि पोरीला म्हणाले, "हिकडं ये."

तिच्या ओळीपाशी बसून त्यांनी एका वेलीचं मूळ उकरलं. खाली पाणी लागलं. मूळ काळं पडलं होतं, बोटात धरलं तर साल सुटून हातात आली.

"वास घे," म्हणाले.

तिनं घेतला. नाक मुरडलं.

"कुजलीया. पाणी तुंबलंय हितं. मिरगातच चर मारून पाणी काडाय पायजे हुतं. माझं गुडघं धरलं, आज काडू उद्या काडू म्हनत ऱ्हायलो. ही माझ्यामुळं गेली. तुझा हात चांगला हाय."

पोरीनं ते मूळ दोन्ही हातांनी चोळून बघितलं, मातीसकट. मग ती रडली. आठवडाभराचं सगळं एकदम रडली, मोठ्यानं, नाक पुसत, आबांच्या धोतराचा सोगा धरून. मी दोन पावलांवर उभी होते. माझ्याकडं यावी असं फार वाटत होतं. ती आली नाही.

त्यानंतर मामा माझ्याशी बोलायचे बंद झाले. हवं ते लेकीमार्फत. "तुझ्या आईला म्हनावं, पाणी तापलंय." नियम चुकीचा होता असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि तो पाळा असंही परत कुणाला म्हणाले नाहीत. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो आधी अवाक् झाला आणि मग म्हणाला, "पलटणीत असतीस तर कोर्ट मार्शल झालं असतं तुझं." मला हसू आलं नाही. कारण लेकसुद्धा कामापुरतंच बोलत होती. हूं, हां, झालं, खाल्लं. स्कुटीवर मागे बसायची ती सीटची दांडी धरून. मी काही सांगितलं की एक क्षण थांबायची, हे खरं असेल का असं तोलून बघितल्यासारखी. ते मला जेवढं लागलं तेवढं मामांचं बोलणंही लागलं नाही.

भादव्याच्या शेवटी चर काढून झाला, रोग कोपऱ्यातच थांबला. एका सकाळी सगळे चहाला बसले होते. मी चुलीपाशी होते, आदल्या दिवशी दुकानात माल मोजून पाय सुजलेले. लेक आतून आली आणि सरळ मामांसमोर उभी राहिली.

"आबा, मला आज पाळी आलीय. बांधणी आहे. येऊ का नको?"

बाहेर गडी बसले होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. आत्या म्हणाल्या, "आगं हळू बोल की, बया!" मामांनी बशीतला चहा संपवला. मिशी पुसली. कुणाकडंच बघितलं नाही.

"पाय धुऊन ये," म्हणाले. "चर नवा हाय, जपून."

ती पाय धुवायला गेली. आत्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू गं? आज खुडायलाबी मानूस कमी हाय."

जीभ सवयीनं उचललीच होती. दोन शब्द, आणि चार दिवस ओसरी. पण मी तवा खाली उतरवला.

"मला आज काही आलेलं नाही, आत्या," मी म्हटलं. "पण मी दमलेय. मला आज कंटाळा आलाय. मी येत नाही."

मामा खाकरले. लेक दारात ओल्या पायांनी उभी होती, आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती माझ्याकडं नीट बघत होती.